मांडवीतला पुलाचा खांब आणि टर्ब्युलंट प्रवाहाची मेश: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यात टर्ब्युलंट (खळबळत्या) प्रवाहाचं संगणकी विश्लेषण शिकणाऱ्यांना आणि करणाऱ्यांना मेश (पाण्याचा भाग सेलमध्ये, म्हणजे लहान तुकड्यांत, वाटणारी जाळी) लावताना पडणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सगळीकडे एकच उदाहरण धरलं आहे: भरती-ओहोटीच्या नदीत उभा असलेला २ मीटर व्यासाचा गोल खांब, पाण्याची खोली ४.८ मीटर, वेग सेकंदाला १ मीटर. हे आकडे हिशेब समजावा म्हणून धरलेले आहेत, कुठल्याही खऱ्या पुलाचे नाहीत. आज्ञा आणि सेटिंग ओपनफोम या सॉफ्टवेअरच्या भाषेत आहेत, पण हिशेब फ्लुएंट किंवा स्टार-सीसीएम ही दुसरी सॉफ्टवेअरं वापरणाऱ्यालाही तसाच लागू पडतो.

मेश लावायला बसण्याआधी काय ठरवायचं?

उत्तर म्हणून नेमकं काय हवंय ते. खांबावरचं एकूण बल हवं असेल तर एक मेश, खांबाच्या बुडाशी वाळू कुठे उकरली जाईल ते हवं असेल तर दुसरी, मागे सुटणाऱ्या भोवऱ्यांची वारंवारिता हवी असेल तर तिसरी. तिन्ही कामांना पुरेल अशी एकच मेश लावायला गेलात तर सेल कोटीत जातात आणि तरीही बुडाशी बारीक मेश कमीच पडते.

दुसरी गोष्ट म्हणजे रेनॉल्ड्स संख्या (वेग × व्यास ÷ गतिक श्यानता), जी प्रवाह किती टर्ब्युलंट ते सांगते. सोळा अंश तापमानाच्या गोड्या पाण्याचे आकडे पुस्तकातून उचलू नका. आपल्याकडे उन्हाळ्यात नदीच्या मुखाकडचं पाणी खारं आणि साधारण २८–३० अंशांचं असतं. त्याची गतिक श्यानता (चिकटपणा ÷ घनता) ०.९ × १०⁻⁶ चौरस मीटर प्रति सेकंद धरा, घनता १०२० किलो प्रति घनमीटर. म्हणजे रेनॉल्ड्स संख्या १ × २ ÷ (०.९ × १०⁻⁶), सुमारे २२ लाख. पावसाळ्यात वरून गोडं पाणी उतरतं तेव्हा घनता हजाराकडे येते. बलाच्या आकड्यात फरक दोनेक टक्के पडतो, मेशमध्ये काहीच नाही.

डोमेन (हिशेबात घेतलेला पाण्याचा भाग) किती मोठं ठेवायचं?

वरच्या अंगाला खांबाच्या व्यासाच्या १० पट, खालच्या अंगाला २० पट, दोन्ही बाजूंना १०–१० पट. आपल्या उदाहरणात ६० मीटर लांब आणि ४० मीटर रुंद. ४० मीटरात २ मीटरचा खांब म्हणजे ५ टक्के अडथळा. याहून अरुंद केलंत तर पाणी खांब आणि डोमेनची कड यांच्यामध्ये दाबलं जाऊन वेग खोटा वाढतो आणि बल जास्त दिसतं.

भरती-ओहोटीत प्रवाह उलटतो हे मात्र विसरलं जातं. वेळेनुसार उलटणारा प्रवाह एकाच सिम्युलेशनमध्ये घ्यायचा असेल तर दोन्ही अंगांना २० पट जागा लागते, आणि खांबामागच्या भोवऱ्यांच्या पट्ट्यासाठी केलेली बारीक मेशही दोन्हीकडे. बहुतेक वेळा ओहोटीचा कमाल वेग आणि भरतीचा कमाल वेग अशी दोन वेगळी, स्थिर प्रवाहाची सिम्युलेशनं करणं स्वस्त पडतं.

पाण्याचा पृष्ठभाग मेशमध्ये घ्यायलाच हवा का?

फ्राउड संख्या (वेग ÷ √(गुरुत्वत्वरण × खोली)) काढा. १ ÷ √(९.८१ × ४.८) म्हणजे सुमारे ०.१५. ही ०.२ च्या खाली असली तर वरची बाजू सपाट, घर्षणहीन झाकण मानली तरी चालतं. खांबाच्या पुढे पाणी किती चढेल याचा अंदाज वेगाच्या वर्गाला १९.६२ ने भागून येतो: ५ सेंटिमीटर. ४.८ मीटर खोलीत एवढ्यासाठी हवा-पाण्याची दोन्ही माध्यमं घेऊन मेश दुप्पट करण्यात अर्थ नाही.

खाजन (खाऱ्या पाण्यालगत बांध घालून केलेल्या) शेतीच्या मानशीचं, म्हणजे बांधातल्या पाणी सोडायच्या दाराचं, गणित मात्र वेगळं. ओहोटीला दार उघडून पाणी अरुंद फटीतून जोरात बाहेर पडतं, तिथे फ्राउड संख्या एकाच्या आसपास किंवा वर जाऊ शकते, आणि पृष्ठभाग घेतल्याशिवाय उत्तर निरर्थक येतं. मानशीच्या फटीत रुंदीला किमान १० सेल हवेत, २० असतील तर उत्तम. फेरीबोटीच्या लाटांसाठीही पृष्ठभाग लागतोच. लाटेच्या उंचीत १० ते २० सेल नसले तर लाट दोन-तीन बोटलांबीतच विरून जाते, आणि लोक दोष टर्ब्युलन्स मॉडेलला (खळबळीचा परिणाम सूत्राने धरणाऱ्या मॉडेलला) देतात.

मूळ सेल केवढा घ्यायचा?

ब्लॉकमेशमध्ये (मूळ मेश बनवणारी आज्ञा) घनाकृती सेल घ्या, हे स्नॅपीहेक्समेशसाठी (ती मेश खांबाभोवती बारीक करून बसवणारी आज्ञा) फार महत्त्वाचं आहे. लांबट सेलवर स्नॅपिंग (सेल पृष्ठभागाला चिकटवणं) नीट होत नाही, थर (भिंतीलगतचे पातळ सेल) तर नाहीच नाही. म्हणूनच इथे खोली ५ मीटर न घेता ४.८ घेतली: ०.८ मीटरच्या सेलने लांबीला ७५, रुंदीला ५० आणि खोलीला ६ सेल बरोबर बसतात. एकूण २२,५०० सेल.

त्यानंतर बारीक करण्याच्या प्रत्येक पातळीला सेल अर्धा होतो: ०.४, ०.२, ०.१, ०.०५, ०.०२५ आणि सहाव्या पातळीला ०.०१२५ मीटर. खांबाच्या पृष्ठभागावर सहावी पातळी, म्हणजे १२.५ मिमी. परिघ ६.२८ मीटर असल्याने भोवताली सुमारे ५०० सेल येतात, उंचीला ३८४. पृष्ठभागावरच १ लाख ९३ हजार तोंडं (सेलच्या भिंतीला टेकलेल्या बाजू) झाली. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे थरांच्या संख्येने तो गुणायचा आहे.

मागच्या पट्ट्यात किती बारीक मेश लागते?

१२ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि पूर्ण खोलीचा पट्टा १० सेंटिमीटरच्या सेलने भरला तर २ लाख ३० हजार सेल. तोच ५ सेंटिमीटरने भरला तर १८ लाख ४३ हजार. आकार निम्मा, संख्या आठपट. सरासरी बलासाठी पहिला पुरतो. भोवरे वेळेनुसार पाहायचे असतील तर खांबापासून दोन व्यासांपर्यंत दुसरा आणि पुढे पहिला, असे दोन खोके एकात एक लावा. दोन पातळ्यांच्या मध्ये किमान ३ सेलचं अंतर ठेवा, नाहीतर सेलचा आकार एकदम बदलतो आणि तिथे भोवऱ्याची धार बोथट होते.

वाय प्लस (भिंतीपासून पहिल्या सेलचं एककरहित अंतर) कसं काढायचं? कॅल्क्युलेटरचं उत्तर आणि प्रत्यक्षातलं उत्तर जुळत नाही.

कागदावर चार ओळींत होतं. घर्षण गुणांक = ०.०५८ × रेनॉल्ड्स संख्येचा −०.२ घात = ०.००३१. भिंतीवरचा घर्षणताण = ½ × घनता × वेगाचा वर्ग × गुणांक = १.६ पास्कल. घर्षणवेग = √(ताण ÷ घनता) = ०.०३९५ मीटर प्रति सेकंद. वाय प्लस १ साठी अंतर = श्यानता ÷ घर्षणवेग = ०.०२३ मिमी. वाय प्लस ५० साठी याच्या पन्नासपट, १.१४ मिमी.

गोंधळ होतो तो दोन ठिकाणी. हे अंतर भिंतीपासून सेलच्या मध्यापर्यंतचं आहे, सेलच्या उंचीचं नाही. ओपनफोम आणि फ्लुएंट दोन्ही मध्यावर हिशेब करतात, म्हणून पहिल्या थराची जाडी दुप्पट ठेवायची: ०.०४६ मिमी किंवा २.२८ मिमी. दुसरं म्हणजे हे सूत्र सपाट पाटीचं आहे. गोल खांबाच्या कुशीवर पाण्याचा वेग दीडपटीच्या वर जातो, त्यामुळे तिथे वाय प्लस अंदाजापेक्षा जास्त येणारच. उलट पुढच्या स्थिर बिंदूवर आणि प्रवाह भिंत सोडतो तिथे तो शून्याकडे जातो. किमान आकडा पाहून घाबरू नका. दोन-तीनशे फेऱ्या चालवून पॅराव्ह्यूमध्ये (निकाल चित्रात दाखवणारं सॉफ्टवेअर) खांबावर वाय प्लस रंगवा, बहुतांश पृष्ठभाग कुठल्या पट्ट्यात आहे ते बघा आणि मगच थर बदला.

वाय प्लस १ घ्यावं की ५०?

भिंतीलगतचा पातळ श्यान थर ५ च्या खाली, लघुगणकी पट्टा ३० च्या वर. ५ ते ३० या मधल्या पट्ट्यात पहिला सेल ठेवणं टाळा. मिश्र वॉल फंक्शन (भिंतीलगतचा प्रवाह न सोडवता सूत्राने धरणं) वापरलं तर मॉडेल सांभाळून घेतं, पण घर्षणाचा आकडा तिथेच सर्वांत डळमळीत असतो.

सीमास्तराची (भिंतीमुळे मंदावलेल्या पाण्याच्या थराची) जाडी ०.३७ × २ × रेनॉल्ड्स संख्येचा −०.२ घात, म्हणजे सुमारे ४० मिमी. वाढीचं गुणोत्तर १.२ धरून ती भरायची तर ०.०४६ मिमीपासून २९ थर लागतात, २.२८ मिमीपासून ९. आता वरच्या १ लाख ९३ हजारांना गुणा: ५६ लाख विरुद्ध १७ लाख. तळाचे थर सोडून एकूण मेश एका बाजूला सत्तर लाखांकडे जाते, दुसऱ्या बाजूला तीस लाखांच्या आसपास राहते. शेवटचा थर साधारण ७.६ किंवा ९.८ मिमीचा येतो आणि पुढचा सेल १२.५ चा, म्हणजे उडी सौम्य.

प्रवाह गोल पृष्ठभाग नेमका कुठे सोडतो यावर बल अवलंबून असतं, आणि वॉल फंक्शन ती जागा सहसा थोडी मागे ढकलतं. म्हणून गुळगुळीत खांबाला, किंवा प्रयोगशाळेतल्या पन्हाळीतल्या नमुन्याला, वाय प्लस १ आणि के-ओमेगा एसएसटी हे टर्ब्युलन्स मॉडेल हीच जोडी घ्यावी. चौकोनी खांबाला तेवढी गरज नाही, तिथे प्रवाह कोपऱ्यावरच सुटतो.

पण खरा खांब गुळगुळीत कुठे असतो?

नसतोच. खाऱ्या पाण्यात उभ्या खांबावर भरतीरेषेखाली कालवं आणि शिंपले चिकटून खरखरीत कवच तयार होतं. अशा खांबाला वाय प्लस १ ची मेश लावणं म्हणजे कालवं साफ करून मग मोजमाप घेणं.

खडबडीतपणा ५ मिमी धरा. घर्षणवेगाने गुणून श्यानतेने भागला तर सुमारे २२० येतं. ७० च्या वर गेलं की पृष्ठभाग पूर्ण खडबडीत मानतात, तिथे श्यान थर उरतच नाही. खडबडीत वॉल फंक्शनला पहिल्या सेलचा मध्य खडबडीतपणापेक्षा वर हवा. म्हणजे पहिला थर १० मिमीच्या वर, सोयीसाठी १२.५. तोच तीनदा घेतला की ३७.५ मिमी, सीमास्तर जवळजवळ भरला. २९ थरांच्या जागी ३, आणि उत्तर वास्तवाच्या जास्त जवळ.

कवच २० मिमी खडबडीत असेल तर हिशेब बिघडतो: सेलचा मध्य २० मिमीवर म्हणजे एकच सेल सगळा सीमास्तर गिळतो. अशा वेळी कवचाची सरासरी जाडी खांबाच्या त्रिज्येतच मिळवा आणि खडबडीतपणा कमी धरा. हा तडजोडीचा मार्ग आहे, पण अहवालात तसं लिहून वापरावा.

थर सांगितले नऊ, दिसतात तीन-चार. कुठे गेले?

स्नॅपीहेक्समेशचा हा रोजचा त्रास. थर घालताना सेलचा दर्जा घसरला की तो तिथले थर काढून टाकतो आणि लॉगमध्ये एका ओळीत सांगतो, जी कुणी वाचत नाही. शेवटी येणाऱ्या तक्त्यात प्रत्येक पॅचसाठी (पृष्ठभागाच्या भागासाठी) सरासरी थर आणि जाडीची टक्केवारी असते. ९५ टक्क्यांच्या खाली असेल तर पुढे जाऊ नका.

आधी रिलेटिव्हसाइझेस (जाडी सेलच्या तुलनेत देण्याची सेटिंग) बंद करून पहिल्या थराची जाडी मीटरमध्ये थेट द्या. मिनथिकनेस (थरांची किमान जाडी) पहिल्या थरापेक्षा लहान ठेवा, तो फार मोठा राहिला तर थर बसत नाहीत. फीचरअँगल (थर किती कोनापर्यंत वळवायचे ते) १३० च्या पुढे न्या. तरीही कोसळत असतील तर थरांपुरती नॉन-ऑर्थोगोनॅलिटीची (शेजारच्या सेलचे मध्य जोडणारी रेषा आणि मधल्या तोंडाचा लंब यांतल्या कोनाची) मर्यादा ६५ वरून ७५ करा. थर घालण्याआधी पृष्ठभाग नीट स्नॅप झाला आहे का तेही बघा. तिथे सुरकुत्या असतील तर खालचं काहीच सुधारणार नाही.

खांब नदीच्या तळाला भेटतो तो आतला कोपरा सर्वांत वाईट. दोन्ही पृष्ठभागांचे थर तिथे एकमेकांत घुसतात. तळ आणि खांब दोघांनाही थर द्या, दोघांची पहिली जाडी सारखी ठेवा. एकालाच दिले तर कोपऱ्यात थर निमुळते होत संपतात, आणि नेमका तिथेच घोड्याच्या नालेच्या आकाराचा भोवरा असतो, जो वाळू उकरतो. बुडाशी अर्धा मीटर उंची आणि खांबाच्या पुढे एक व्यास एवढ्या पट्ट्यात २५ मिमीची मेश लावल्याशिवाय तो भोवरा उमटत नाही.

चेकमेशमध्ये (मेशचा दर्जा तपासणारी आज्ञा) कुठले आकडे पाहायचे?

नॉन-ऑर्थोगोनॅलिटी ७० च्या खाली असेल तर निश्चिंत राहा. ७० ते ८० मध्ये असेल तर दोन करेक्टर (कोनाची चूक भरून काढणाऱ्या जादा फेऱ्या) लावा आणि लाप्लासियन स्कीम (विसरणाच्या पदाची हिशेबपद्धत) मर्यादित ०.५ किंवा ०.३३ ठेवा. ८५ च्या वर असेल तर मेशच बदला, सॉल्व्हरशी झटापट करू नका. स्क्यूनेस (सेलचा तिरकेपणा) ४ च्या खाली हवा. थरांमध्ये आस्पेक्ट रेशो (सेलची लांबी ÷ जाडी) २७० आला (१२.५ ÷ ०.०४६) तर घाबरू नका, प्रवाह त्याच दिशेने धावतो. मागच्या पट्ट्यात मात्र १० च्या वर गेला तर कारण शोधा. फ्लुएंटवाल्यांनी ऑर्थोगोनल क्वालिटी ०.१ च्या खाली जाऊ देऊ नये.

खांब दोन किलोमीटर रुंद दिसतो.

सीएडीमधून (आराखड्याच्या सॉफ्टवेअरमधून) एसटीएल, म्हणजे खांबाच्या पृष्ठभागाची फाइल, मिलिमीटरमध्ये आली आणि ओपनफोमने ते मीटर मानले. ०.००१ ने स्केल करा. त्याच वेळी सरफेसचेक या आज्ञेने पृष्ठभाग बंद आहे ना तेही पाहून घ्या. लोकेशनइनमेशचा (मेश कुठल्या बाजूला ठेवायची ते सांगणारा) बिंदू पाण्यात हवा, खांबाच्या आत नको, आणि ०.८ च्या पटीत पडणाऱ्या आकड्यावरही नको. ३.१३७ असा वाकडा आकडा द्या, म्हणजे तो सेलच्या सीमेवर पडत नाही.

अर्धाच खांब घेऊन सममिती वापरली तर?

मागचे भोवरे डावी-उजवीकडे आळीपाळीने सुटतात. मधोमध सममितीची भिंत घातली की ते मरतात आणि बल कमी येतं. स्थिर प्रवाहाच्या पहिल्या अंदाजाला चालेल, अंतिम आकड्याला नाही.

लार्ज एडी सिम्युलेशन (मोठे भोवरे मॉडेलशिवाय थेट सोडवणारं) करायचं आहे. हीच मेश चालेल?

नाही. भिंतीपर्यंत सगळं सोडवायचं तर प्रवाहाच्या दिशेने सेल ५० ते १०० प्लस एककांचा (एक एकक म्हणजे वाय प्लस १ चं अंतर), आडवा २० च्या आसपास हवा. आपल्या खांबावर एक एकक ०.०२३ मिमी आहे, म्हणजे सेल साधारण १.५ × ०.४६ मिमीचा. ३० चौरस मीटर पृष्ठभागावर ४ कोटींच्या वर तोंडं, गुणिले तीसेक थर. शंभर कोटींच्या पुढे गेलात. पदव्युत्तर प्रकल्पात हे होत नाही, आणि मार्गदर्शकांनी ते देऊही नये.

डिटॅच्ड एडी पद्धत (भिंतीलगत मॉडेल, दूर मोठे भोवरे थेट) घ्या, पण जुनी १९९७ ची नको. सीमास्तर ४० मिमी आणि सेल १२.५ मिमी असताना ती भिंतीलगतच मॉडेल बंद करते आणि प्रवाह खोटाच सुटतो. हा दोष झाकण्यासाठीच विलंबित आवृत्ती आली. वेळेचं पाऊल १२.५ मिमी आणि कुशीवरच्या २ मीटर प्रति सेकंद वेगावरून ठरतं: ६ मिलिसेकंद. एका भोवऱ्याचा आवर्तकाल ७ ते १० सेकंदांचा, म्हणजे एका आवर्तनाला हजाराच्या वर पावलं. सरासरी काढायला किमान २०–३० आवर्तनं लागतात.

मेशवर उत्तर अवलंबून नाही हे कसं दाखवायचं?

तीन मेश, प्रत्येकीत सेलचा आकार १.३ पटीपेक्षा जास्त वेगळा. समजा १.५ पटीने बारीक करत गेलात आणि बल गुणांक ०.६९, ०.६४ आणि ०.६२ आले. फरक ०.०५ आणि ०.०२, त्यांचं गुणोत्तर २.५. अचूकतेचा दर्जा = लॉग २.५ ÷ लॉग १.५ = २.२६. दुसऱ्या दर्जाच्या स्कीमला हे शोभतं. रोशचा ग्रिड अभिसरण निर्देशांक (मेशमुळे राहिलेल्या चुकीचा अंदाज) = १.२५ × (०.०२ ÷ ०.६२) ÷ (२.५ − १) = २.७ टक्के. अहवालात ०.६२ ± २.७ टक्के असं लिहा.

दर्जा ५ किंवा ०.३ असा आला तर मेश बारीक करताना उत्तर ठरावीक दराने स्थिरावतं त्या पट्ट्यात अजून पोहोचलेली नाही, किंवा बलाची सरासरी पुरेशा वेळेची घेतलेली नाही. वॉल फंक्शन वापरताना आणखी एक सापळा आहे: मेश बारीक केली की पहिला थरही बारीक होतो, वाय प्लस ५० वरून ३३, मग २२. तिसरी मेश नको त्या पट्ट्यात गेली. तिन्हींत पहिल्या थराची जाडी तीच ठेवा, बाकी सगळं बारीक करा.

१६ जीबीच्या लॅपटॉपवर किती मोठी मेश होईल?

दहा लाख सेलना साधारण १ ते २ जीबी धरा, मेश बनवताना वरच्या टोकाला. तीस लाखांची आरामात, सत्तर लाखांची जेमतेम. डिकम्पोज करून (मेश वाटून) प्रोसेसरचे प्रत्यक्ष कोर असतील तेवढेच भाग करा. हायपरथ्रेडिंगने दाखवलेले दुप्पट कोर मोजू नका, मेमरीची गती तेवढीच असल्याने वेग वाढत नाही, कधी कधी घटतोच. आणि जून ते सप्टेंबर वीज कधीही जाते हे धरून राइटइंटरव्हल (निकाल किती अंतराने लिहायचा ते) अर्ध्या तासाच्या कामाएवढा ठेवा, पर्जराइट (शेवटची किती लिखाणं राखायची ते) २ वर, म्हणजे डिस्कही भरत नाही आणि शेवटचं लिखाण अर्धवट तुटलं तरी त्याच्या आधीच्या पावलावरून पुन्हा सुरू करता येतं.